खाली ठेवता येईल असं पुस्तक : बायपासच्या मुक्कामातलं वाचन

रुग्ण माझे मामा. वय ६३. आटपाडी तालुक्यातलं गाव, एसटीत ड्रायव्हर म्हणून नोकरी झालेली, आता दीड एकर डाळिंब. मधुमेह जुना. मार्गशीर्षात छातीत दुखलं म्हणून मिरजेला आणलं, अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले आणि बायपास ठरली. पण लगेच नाही. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी सुरू झाली होती. ती बंद करून साधारण ५ दिवस जाऊ द्यावे लागतात, नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्त थांबता थांबत नाही. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी यायची होती. घरी पाठवण्याजोगी तब्येतही नव्हती. म्हणजे चालणारा, बोलणारा, वेळेवर भूक लागणारा माणूस पुरुषांच्या जनरल वॉर्डात कॉटवर बसून राहणार, आणि डोक्यात दिवसभर एकच विषय.

मी कॉलेजात ग्रंथपाल. त्यामुळे "डबे, कागदं आम्ही बघतो, तू त्यांच्या वाचायचं तेवढं बघ" असं मामीनं मला सांगून टाकलं. त्या मुक्कामात कोणती पुस्तकं आली, कोणती चालली आणि कोणती न उघडता परत गेली, याची ही नोंद आहे. ऑपरेशनबद्दल जे लिहिलंय ते वॉर्डात कोणत्याही नातेवाइकाला सांगितलं जातं तेवढंच. आपल्या माणसाला काय चालेल ते त्याच्या डॉक्टरांना विचारावं.

मामांना वाचनाची सवय आहे. पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत, शब्दकोडं पेनानं. नोकरीत असताना मुक्कामी गाडी असली की बॅगेत वाचनालयातली एखादी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी असायची. आता त्या जागी मोबाइल. कवितांच्या वाटेला ते जात नाहीत. आणि "वाचावंच असं" म्हणून कुणी काही हातात दिलं की ते उशीखाली जातं.

पहिल्या दोन दिवसांतच लोकांनी आणलेली थप्पी झाली. आपल्याकडे भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही, आणि शहाळ्याला मधुमेहामुळे मनाई असल्याचं कळल्यावर बऱ्याच जणांनी मोर्चा पुस्तकांकडे वळवला. सकारात्मक विचारांची तीन. हृदयविकार कसा टाळावा यावरचं एक, तेही बायपासची तारीख ठरलेल्या माणसाला. (आणणाऱ्यानं त्यातलं तेलाचं प्रकरण खुणेची चिठ्ठी घालून दिलं होतं.) मामीच्या बहिणीनं 'गजानन विजय'ची छोटी पोथी आणली. आणखी एक बाई गुरुचरित्राचा आग्रह धरून बसल्या. त्याच्या पारायणाला सोवळ्याचे जे नियम लोक पाळतात, ते जनरल वॉर्डात कसे पाळायचे, यावर कॉटभोवती बराच वेळ चर्चा झाली. 'गजानन विजय'चे २१ अध्याय, खिशात मावणारा आकार, रोज एक वाचला तरी चालतो, म्हणून ती पोथी राहिली. ती मामी वाचायची, मामा ऐकायचे.

दिवाळी अंकही आले. हा आजाऱ्याजवळ ठेवायला उत्तम प्रकार, एक पान सोडून. अंकातलं वार्षिक राशिभविष्य मी कॉटवर देण्याआधी स्टेपल करून बंद केलं. "या काळात प्रकृतीची हेळसांड नको" अशा धाटणीचं वाक्य जवळपास प्रत्येक राशीला कुठल्या ना कुठल्या महिन्यात असतंच, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री ते नेमकं आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. मामीनं मात्र ते आधीच वाचून ठेवलं होतं.

सांगलीच्या एका नातेवाइकानं खोकंभर जुनी पुस्तकं पाठवली. मन मोठं होतं, पण त्यातली निम्मी २०१९च्या महापुरात भिजून वाळवलेली. पानं लाटेसारखी, कडेला काळसर ठिपके, उघडली की कुबट वास. असली पुस्तकं वॉर्डात आणू नयेत, हे मी कुणालाही सांगेन. ते ठिपके म्हणजे बुरशी. दम्याच्या माणसाला ती खोकला काढायला लावते, आणि केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाच्या आसपास तर बुरशीचं काहीच नको. मामांच्या दोन कॉट पलीकडे दम्याचा पेशंट होता. खोकं दारातूनच परत पाठवलं. पाठवणाऱ्याला राग आला. येऊ दे.

थप्पीत 'स्वामी'ही होती. शेजारच्या कॉटच्या नातेवाइकानं "लई भारी आहे" म्हणून दिली होती, आणि मामांची नजर तिच्यावरच. ऐतिहासिक, जाड, ओळखीची. मी ती घरी नेली. थोरले माधवराव क्षयानं आजारी आहेत, थेऊरला मुक्काम आहे, १७७२ साल आहे, वय अवघं २७ आहे, आणि शेवट काय होतो ते शाळेत इतिहास शिकलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पेशव्याच्या बिछान्याजवळ वैद्य येतात, जातात. असं पुस्तक घरी वाचताना मोठं वाटतं, पण ज्याच्या बिछान्याजवळ सकाळ-संध्याकाळ डॉक्टर येऊन थांबतात त्याला ते का द्यायचं? मराठी कादंबऱ्यांत आजारपण आणि मृत्यू इतके आहेत की पुस्तक देण्याआधी शेवटची ३० पानं चाळणं हा नियमच करावा. आपण फार पूर्वी वाचलेल्या पुस्तकातलं दुखणं आपल्याला आठवत नाही. पेशंटच्या मात्र ते पहिल्यांदा लक्षात येतं.

मग ठेवलं काय? चांगल्या पुस्तकाची आपण एक ठरलेली स्तुती करतो: हातातून खाली ठेववत नाही. वॉर्डात ही खोड ठरते. पहाटे रक्त घ्यायला येतात. मग फरशी पुसणारे "पाय वर घ्या" म्हणतात. चहा, साखर तपासणी, इंजेक्शन, नाश्ता, बीपी, डॉक्टरांचा राऊंड, राऊंडनंतर सिस्टरांचा राऊंड, एक्स-रेला बोलावणं. दुपारी जरा डुलकी लागते तोच कुणीतरी सहीसाठी कागद आणतं. संध्याकाळी भेटायची वेळ. सलग वाचायला अर्धा तास मिळाला तर दिवस चांगला गेला म्हणायचा. रंगात आलेला मजकूर असा दर थोड्या वेळानं तुटला की माणूस चिडतो, आणि परत पुस्तक उघडल्यावर "राघोबा आणि राघो भरारी एकच की दोघं" हे आठवत बसावं लागतं. म्हणून इथे खाली ठेवता येईल असं पुस्तक हवं. दहा-पंधरा मिनिटांत एक तुकडा संपावा, पुढच्याला मागच्याची गरज नसावी, पान हरवलं तरी नुकसान नसावं.

त्या मापानं मी 'माणदेशी माणसं' दिलं. १९४९ साली आलेलं व्यंकटेश माडगूळकरांचं पुस्तक, एकेका माणसाचं एकेक चित्र, प्रत्येक आपापल्या जागी पुरं. माडगूळकर माडगुळ्याचे, म्हणजे मामांच्याच तालुक्यातले. साहित्य म्हणून नाही, आपल्या भागाची बातमी म्हणून मामांनी ते उघडलं. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या कॉटला ऐकवत होते, "ही असली मान्सं आमच्यात अजून हायती बघा." त्यातल्या काही माणसांची दैना वाचून मन जड होतं हे खरं. पण तुकडा संपतो, पुस्तक मिटतं आणि चहा येतो. दुःखाला काठ असला की ते वॉर्डातही पेलतं, असं मला वाटतं. निदान ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत पेललं.

तरी या मुक्कामातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक साहित्याच्या कपाटातलं नव्हतंच. महाराष्ट्राच्या रस्त्यांचं नकाशापुस्तक. मामेभावाच्या जीपमध्ये पडलेलं, कोपरे दुमडलेलं. ते मी सहज कॉटवर टाकलं आणि मामा त्यात बुडाले. आटपाडीहून दिघंची, म्हसवड, दहिवडी, फलटण, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, मग दिवेघाट उतरून पुणं. बोट ठेवून ते गाडी चालवत होते. कुठे फाटा चुकीचा छापलाय, कुठे पूल झालाय पण नकाशात नाही, हे पेन्सिलीनं मांडत होते. समोरच्या कॉटवरचे एक ट्रकवाले त्यात सामील झाले, आणि लोणंदवरून जावं की दुसऱ्या वाटेनं यावर दोघांची चांगली खडाजंगी झाली. सिस्टरला येऊन "बीपी वाढेल" म्हणावं लागलं. या पुस्तकाला गोष्ट नाही, शेवट नाही, कुठूनही उघडा, कुठेही मिटा. आणि ज्याची उमेद कॉटवर पडल्या पडल्या खचत चाललीय, त्या माणसाला जे उत्तम येतं ते त्याच्या हातात परत येतं.

पहिल्या महायुद्धात लंडनच्या एंडेल स्ट्रीटवर एक लष्करी इस्पितळ होतं. १९१५ साली सुरू झालेलं, स्त्री डॉक्टरांनी चालवलेलं. तिथलं वाचनालय बिआट्रिस हॅराडन आणि एलिझाबेथ रॉबिन्स या दोन लेखिकांकडे होतं. जखमी सैनिकांनी त्यांच्याकडे मागितल्या त्या नॅट गूल्डच्या घोड्यांच्या शर्यतींच्या कथा, आणि त्यांनी नाक न मुरडता त्या मिळवून दिल्या. ग्रंथपालाला हे जमायला हवं. आमच्या पेशात "चांगलं काही वाचायला लावू या" ही खाज फार असते, आणि पडून असलेला पेशंट म्हणजे तिला आयतं गिऱ्हाईक.

ऑपरेशन झालं. आयसीयूत पुस्तकं नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण तिथे नेऊन द्यायची एक वस्तू आहे जी बहुतेक घरचे विसरतात: चष्मा. ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी, अंगठी सगळं काढून नातेवाइकांच्या हातात देतात, आणि ते पिशवीत घरी जातं. मोठ्या ऑपरेशननंतर, त्यातही वय झालेल्या माणसांना, आयसीयूत भ्रम होऊ शकतो. दिवस की रात्र कळत नाही, आपण कुठे आहोत ते कळत नाही, भलतंच बोलणं सुरू होतं. भिंतीवरचं घड्याळ दिसणं, समोरचा चेहरा ओळखू येणं, कुणीतरी "आज मंगळवार, सकाळचे दहा वाजलेत" असं सांगणं, याचा तिथे उपयोग होतो. श्रवणयंत्र असेल तर तेही द्यावं. मामांचा चष्मा डबीवर नाव लिहून, सिस्टरला विचारून, श्वासाची नळी काढल्यानंतर आत पोचवला. वाचायला आत फक्त घड्याळ होतं. नंतर मामांनी सांगितलं की पडल्या पडल्या ते पुण्याची फेरी करत होते, पण दहिवडीच्या पुढे जाईस्तोवर झोप लागायची.

आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांवर वेगळंच प्रकरण चाललेलं असतं. तिथे बसलेल्याला वेळच वेळ, करायला काही नाही, आणि दार उघडलं की पोटात गोळा. मामेभाऊ दिवसभर मोबाइल घासत होता. बॅटरी संपायची, मग चार्जिंगच्या एका सॉकेटवरून तिघांची हुज्जत. जे पुस्तक हातातून खाली ठेववत नाही, ते इथे द्यावं. मी त्याला एक रहस्यकथांचा जुना जाड संग्रह दिला. एरवी पेपरही न वाचणारा तो पोरगा दुसऱ्या दिवशी दुसरं मागायला आला. मामीला मात्र कथा नको होत्या. ती हरिपाठाची पुस्तिका हातात धरून बसायची. तो तिला तोंडपाठ आहे, पानं उलटत नव्हती, पण पुस्तिका हातात हवी होती. दवाखान्यातल्या वाचनाचा विचार करताना आपण पेशंटच धरून चालतो. आपल्याकडे प्रत्येक कॉटमागे सोबतीचा एक माणूस असतो, आणि तासांचा हिशोब केला तर वाचायचा वेळ त्याच्याकडे कितीतरी जास्त असतो.

वॉर्डात परत आल्यावर मामा म्हणाले, "वाचू काय गं? डोळ्याम्होरनं ओळी पळत्यात." घाबरून जाण्याचं कारण नव्हतं, पण पुस्तकाचा दोषही नव्हता. वेदनाशामकांची गुंगी होती. साखर वरखाली होत होती, इन्सुलिन चालू होतं. साखर चढ-उतार करते तेव्हा डोळ्यांतल्या भिंगाचा आकार किंचित बदलतो आणि तात्पुरतं धूसर दिसतं. या काळात चष्म्याचा नंबर काढायला धावू नये, साखर स्थिरावेपर्यंत थांबावं. हातात सुई, बायपाससाठी पायातली शीर काढलेल्या जागी टाके, आणि छातीचं हाड तारेनं बांधलेलं. ते जुळून यायला आठवडे लागतात, तोवर जड उचलायचं नाही. एखादं सातशे पानी, कापडी बांधणीचं पुस्तक पाऊण-एक किलोच्या घरात जातं. तेवढं वजन चालत असलं तरी कोपर हवेत ठेवून ते छातीसमोर धरून बघा. माणूस पाच मिनिटांत घामाघूम होतो.

म्हणून आता निकष बदलले. लेखक कोण हे मागे पडलं. वजन किती, अक्षर केवढं, एका हातानं उघडं राहतं का, हे पुढे आलं. नुसती डिंकानं चिकटवलेली नवी पुस्तकं इथे नापास होतात, कारण सोडली की मिटतात. शिलाईची, वापरून सैल झालेली पुस्तकं आडवी पसरतात. दिवाळी अंक हलका, पण आकारानं मोठा, आणि गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट चमकते. पेपरची चौघडी चालली: एकच घडी समोर धरायची, मोठे मथळे वाचायचे, बाकी मामेभावानं वाचून दाखवायचं. बातम्या तो गाळून वाचायचा. अपघाताचं पान सरळ वगळायचा.

याच दिवसांत त्याचा एक मित्र विनोदी कथांचं पुस्तक घेऊन आला. हसरं काहीतरी द्यावं ही अगदी साहजिक कल्पना, आणि जवळपास प्रत्येक घर ती अमलात आणतं. त्यानं कॉटशेजारी बसून रंगवून वाचायला सुरुवात केली. मामा हसले आणि कळवळले. बायपासनंतर खोकायचं असतं, फिजिओथेरपिस्ट मुद्दाम खोकायला लावतात, तीन छोट्या चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढायला लावतात, आणि त्या वेळी उशी छातीशी घट्ट धरायला शिकवतात. हसू सांगून येत नसल्यानं उशी वेळेवर सापडत नाही. हसल्यानं टाके तुटत नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण जीव कासावीस होण्याइतकं दुखतं. "बंद कर की लेका ते," मामा म्हणाले, डोळ्यांत पाणी, आणि परत हसले. हर्नियाचं, पित्ताशयाचं, सिझेरियनचं, पोटाचं कुठलंही ताजं ऑपरेशन असेल तर विनोदी पुस्तक टाके काढेपर्यंत कपाटात बरं. गालातल्या गालात हसवणारं चालेल. खदखदून हसवणारं नको.

हसण्यासारखंच रडूही. डिस्चार्जच्या आधी 'माणदेशी माणसं' पुन्हा हातात घेतलं, तर आधी कौतुकानं ऐकवलेल्या एका माणसापाशी त्यांचा आवाज फुटला. मामांना असं रडताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. बायपासनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मन असं हळवं होणं, उदास वाटणं पुष्कळांना होतं. फार दिवस टिकलं तर डॉक्टरांना सांगायचं असतं. पुस्तक काढून घ्यावं का, यावर घरात मतभेद झाले. मी काढून घेतलं नाही, फक्त पायाशी ठेवलं आणि त्यावर दुसरं काही ठेवलं.

ते दुसरं म्हणजे 'किशोर'चे अंक. बालभारती हे मासिक १९७१पासून काढते. ठसठशीत अक्षर, भरपूर चित्रं, दोन-चार पानांत संपणारे लेख, एका हातात पेलणारं वजन. पक्षी, किल्ले, यंत्रं, प्रवास, कोडी. गुंगीतून बाहेर येणाऱ्या माणसाला एवढंच झेपतं, आणि बडबडगीतांसारखं ते अपमानास्पदही वाटत नाही. तरी मोठ्या माणसाच्या कॉटवर पोरांचं मासिक म्हटलं की संकोच असतोच. "नातवासाठी आणलंय, तोवर इथं राहू दे," असं सांगून ठेवले. समोरच्या ट्रकवाल्यांनी त्यातला जहाजांवरचा लेख मागून नेला. जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, पण मोबाइलवर वाचताना दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी "आता कसं हाय?" असा फोन येतो.

रात्रीची गोष्ट वेगळी. उताणं झोपायचं, कूस बदलता येत नाही, वॉर्डातला दिवा पूर्ण विझत नाही, कुणीतरी कण्हत असतं. मामेभावानं इअरफोनवर कादंबरी लावून दिली. मधेच डोळा लागायचा, जाग आली की गोष्ट चार प्रकरणं पुढे. त्यापेक्षा आधी शंभर वेळा ऐकलेलं कीर्तन बरं पडलं, त्यात कुठेही जाग आली तरी आपण कुठे आहोत ते कळतं.

घरी गेल्यावर मामांनी 'स्वामी' मागून घेतली. तोवर टाके निघाले होते, ते अंगणात चालायला लागले होते, आणि पुस्तक टेबलावर ठेवून वाचायची सोय केली होती. पूर्ण वाचली. "मानूस लवकर गेला," एवढंच म्हणाले आणि डाळिंबाच्या छाटणीचं बोलायला लागले.

उरलेली पुस्तकं त्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरांनी ठेवून घेतली, तीन अटींवर: कव्हरला प्लास्टिक हवं, म्हणजे पुसता येईल, आयसीयूच्या दाराआड काही जाणार नाही, आणि वेगळ्या खोलीत ठेवलेल्या पेशंटकडे गेलेलं पुस्तक फळीवर परत येणार नाही. फळीवर आता 'किशोर'चे अंक आहेत, भविष्याचं पान बंद केलेले दिवाळी अंक आहेत, आणि आयसीयूबाहेर बसणाऱ्यांसाठी रहस्यकथांचा एक वेगळा गठ्ठा. सकारात्मक विचारांची तिन्हीही आहेत, ती अजून कुणी नेलेली नाहीत. नकाशापुस्तक मामांनी ठेवू दिलं नाही. दुरुस्त्या त्यांच्या हातच्या आहेत, म्हणाले, तुम्ही नवीन घ्या.